खांद्यामागची चावी

पेट्रोल संपणं आणि पेट्रोल न पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या पिढीतल्या चेतकवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. भर रस्त्यात स्कूटर आचके द्यायला लागायची, मागे बसलेल्या माझ्या पोटात गोळा यायचा, आणि आमचे हे शांतपणे एक हात खाली घालून सीटखालचा कॉक फिरवायचे. "रिझर्व्हला लागली." बस, एवढंच. आणखी दोन आचके, की गाडी पुन्हा सुरळीत. टाकीत पेट्रोल होतंच, फक्त ते ज्या वाटेनं यायचं ती वाट बदलायची होती. कॉक हाताशी होता, अंधारातही सापडायचा आणि कुठल्या बाजूला फिरवायचा ते हाताला पाठ होतं. (हल्ली चेतक पुन्हा आली आहे, पण बॅटरीवरची. तिला कॉकही नाही आणि रिझर्व्हही नाही. असो.)

विमानवाल्यांच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन निरनिराळे शब्द आहेत. टाक्या कोरड्या पडल्या तर 'फ्युएल एक्झॉशन'. टाकीत इंधन आहे पण इंजिनापर्यंत जात नाही, तर 'फ्युएल स्टार्व्हेशन'. स्टार्व्हेशन म्हणजे सरळसरळ उपासमार. कणगीत धान्य असून घरात चूल पेटू नये, तशी ही इंजिनाची उपासमार. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे मला असे शब्द सापडले की बरं वाटतं, पण हा शब्द सापडला तो काही हौसेनं शोधताना नाही.

झालंय असं, की कॅलिफोर्नियातली आमची नात विमान चालवायला शिकते आहे. कॉलेज सांभाळून, सुट्टीत काम करून, स्वतःच्या पैशानं. नातलगांपैकी बहुतेकांना हे ठाऊक आहे, आणि ज्यांना नव्हतं त्यांना आमच्या वन्संनी फोन करकरून कळवलं आहे. त्यानंतर मला जे फोन आले त्यांचा मथितार्थ एकच. "वहिनी, ती तुमचं ऐकते. तुम्हीच सांगा तिला." लेक स्वतः काही म्हणत नाही. ती फक्त नात उडायला गेली असेल त्या दिवशी मला जरा जास्त वेळा फोन करते आणि भाजी कुठली केलीस असलं काहीतरी विचारते. आईला तेवढं कळतं.

मी सगळ्यांना "सांगते" म्हटलं खरं. पण वर्गात जाण्याआधी धडा आपण वाचून जावा, ही माझी सवय. न वाचता मुलांसमोर उभं राहिलं तर मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. म्हणून जावयांना म्हटलं, मला लहान विमानांच्या अपघातांचं काहीतरी वाचायला द्या. ते जरा बिचकले. मग एनटीएसबीचे, म्हणजे अमेरिकेत असल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाचे काही अहवाल पाठवले. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचते आहे. वाचायला अवघड आहेत, पण एका अर्थी सोपेही आहेत, कारण त्यांत विशेषणं जवळजवळ नाहीतच.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. मला वाटायचं, विमानं पडतात ती वादळात सापडून नाही तर पंख तुटून. पण २०११ ते २०१५ या काळात अमेरिकेत लहान विमानांचे वर्षाला सरासरी पन्नासांहून जास्त अपघात निव्वळ इंधनाचा हिशेब चुकल्यामुळे झाले, असं या मंडळानंच म्हटलं आहे. पुष्कळांच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. पण साधारण एक तृतीयांश अपघातांत इंधन विमानावर होतं, इंजिनाला मिळालं नाही.

यातला एक अपघात मला ओळखीचा निघाला. जॉन डेन्व्हरचा.

आमचा मुलगा इंजिनीअरिंगला असताना सुट्टीत घरी यायचा तो कॅसेटी घेऊनच. त्यातली एक जॉन डेन्व्हरची. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे १९७१ सालचं गाणं आमच्या वाड्यात इतक्या वेळा वाजलं, की खालच्या मजल्यावरच्या आजीही ती चाल गुणगुणत. शब्द कळायचे नाहीत, वेस्ट व्हर्जिनिया कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं, पण हा माणूस घरी जायचं म्हणतो आहे एवढं कळायचं. तो विमान अपघातात गेला हे तेव्हा पेपरात वाचलं होतं. कसा गेला, ते आत्ता वाचलं.

हा गायक नुसता हौशी नव्हता हो. त्याचे वडील अमेरिकी हवाई दलात वैमानिक होते, १९६१ साली बी-५८ या बॉम्बर विमानातून त्यांनी वेगाचे विक्रम केले होते. बापलेकांचं फारसं जमत नव्हतं. पुढे मुलगा नावारूपाला आल्यावर वडिलांनीच त्याला विमान चालवायला शिकवलं आणि त्या निमित्तानं दोघं जवळ आले. डेन्व्हरच्या खात्यावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. म्हणजे कच्चा गडी नाही.

विमान मात्र नवीन होतं, म्हणजे त्याच्यासाठी नवीन. लाँग-ईझी नावाचं. बर्ट रुटान या नामांकित अभियंत्यानं त्याचा आराखडा केला आणि लोक ते नकाशे विकत घेऊन आपापल्या गॅरेजात फोम आणि फायबरग्लासचं विमान बांधत. विचित्र दिसतं ते. छोटे पंख पुढे, मोठे मागे, आणि इंजिन व पंखा शेपटीकडे. इंधनाच्या टाक्या दोन, डावी आणि उजवी. एका वेळी एकाच टाकीतून इंधन घ्यायचं आणि ती संपत आली की कॉक फिरवून दुसरीवर जायचं. आपल्या रिझर्व्हसारखंच.

रुटानच्या नकाशात हा कॉक वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होता. पण ज्यानं हे विमान बांधलं त्याला इंधनाची नळी वैमानिक बसतो त्या जागेतून न्यायची नव्हती. विचार चांगलाच म्हणायला हवा. गळती झाली, आग लागली तर माणसाच्या मांडीवर नको. म्हणून त्यानं कॉक हलवला आणि मागच्या भिंतीवर बसवला. वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे. वर कुठल्या बाजूला कुठली टाकी याची खूणही केली नाही. त्याला स्वतःला ठाऊक होतं, मग खूण कशाला? (घरातल्या डब्यांवर नावं न लिहिणाऱ्या सुगरणींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) टाक्यांत किती इंधन आहे हे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्याही मागेच. त्यांवरही मापाच्या खुणा नाहीत.

आता पुढचं सगळं मी जरा सावकाश सांगते, कारण मला खरं जे वाटलं ते इथेच वाटलं.

११ ऑक्टोबर १९९७ ला डेन्व्हरनं सँटा मारिया इथे साधारण अर्धा तास हे विमान समजून घेतलं आणि उडवत मॉन्टेरेला आणलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी तो पुन्हा उडायला निघाला. तिथला एक तंत्रज्ञ बरोबर होता. कॉकपर्यंत हात नीट पोहोचत नाही हे दोघांच्याही लक्षात आलेलं होतं. त्यात डेन्व्हरचे पाय पेडलपर्यंत पुरावेत म्हणून पाठीशी उशी घेतलेली. त्यामुळे तो पुढे सरकला आणि कॉक आणखी मागे राहिला. मग त्यांनी काय केलं? कॉकच्या दांड्याला पक्कड लावून तो लांब होतो का ते पाहिलं. जमलं नाही. मागच्या नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञानं त्याला छोटा आरसा दिला. इंधन किती आहे याचा अंदाज घेतला तो असा: उजव्या टाकीत अर्ध्याहून कमी, डावीत पावाहून कमी. भरून घ्यायचं का? नको, तासभरच तर उडायचंय. आणि वर जाऊन कॉक फिरवायची वेळ आलीच तर? तर ऑटोपायलट लावीन, म्हणजे तेवढा वेळ विमान आपलं आपण सरळ राहील, मग वळून फिरवीन.

उशी, पक्कड, आरसा, ऑटोपायलट. यातली एकही गोष्ट मूर्खपणाची नाही. प्रत्येक गोष्ट कुणीही समंजस माणूस करील. आपण नाही का, कुकरची शिट्टी नीट बसत नाही म्हणून वर वाटी ठेवत? अडचण आहे हे कळलेलं असतं, पण तिच्यावर आपल्याकडे उत्तर आहे असं वाटत असतं. आणि जमिनीवर उभं राहून पाहिलं तर ते उत्तर बरोबरही असतं.

संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांच्या सुमारास तो उडाला. धावपट्टीला टेकून पुन्हा उडणं, असं तीनदा केलं. मग किनाऱ्याच्या दिशेनं गेला. पॅसिफिक ग्रोव्ह नावाचं गाव आहे तिथे, समुद्राला लागून. विमान जेमतेम साडेतीनशे ते पाचशे फुटांवर होतं, म्हणजे तीस-चाळीस मजली इमारतीएवढी उंची. लोकांनी इंजिनाचा फट् असा आवाज ऐकला, मग आवाज मंदावला. विमानाचं नाक जरा वर गेलं, ते उजवीकडे कलंडलं आणि सरळ समुद्रात घुसलं. किनाऱ्यापासून दीडशे यार्डांवर. पाच अठ्ठावीसला. त्रेपन्न वर्षांचा होता.

तीन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते तेव्हा आम्ही त्याच किनाऱ्यावरून गाडीनं गेलो होतो. काळे खडक, करडा समुद्र, आणि खडकांवर पसरलेले लठ्ठ सील. लेकीनं थर्मासमधला चहा दिला होता. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.

मंडळाच्या लोकांनी मग तशीच मांडणी करून स्वतः त्या जागेवर बसून पाहिलं. कॉक फिरवायचा तर विमान हातानं चालवत असाल तेव्हा उजव्या बाजूच्या दांडीवरचा हात सोडायचा. खांद्याचा पट्टा सोडायचा. अंग डावीकडे पूर्ण काटकोनात वळवायचं. मग उजवा हात मागे नेऊन फिरवायचं. आणि असं वळताना दर वेळी, अगदी दर वेळी, त्यांचा उजवा पाय आपोआप ताठ होऊन उजव्या पेडलवर दाबला जायचा. वळताना आधार म्हणून. तुम्ही खुर्चीत बसून करून पाहा, मी पाहिलं. पाय जातोच. जमिनीवर त्यानं काही बिघडत नाही. त्या विमानात उजवं पेडल दाबलं की विमान उजवीकडे वळतं आणि कलंडतं.

नात म्हणाली की इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ते घसरगुंडीसारखं तरंगत खाली येतं, वैमानिकाला थोडा तरी वेळ मिळतो. म्हणजे डेन्व्हर इंजिन बंद पडल्यामुळे गेला असं म्हणणं पुरतं खरं नाही. इंजिन पुन्हा चालू करायला जी गोष्ट हवी होती, ती घ्यायला तो मागे वळला.

समुद्रातून काढलेल्या अवशेषांत कॉक अधलामधला सापडला, पुरता कुठल्याच टाकीवर नव्हता. १९९९ च्या जानेवारीत मंडळानं निष्कर्ष दिला. कॉक फिरवताना लक्ष विचलित झालं, नकळत उजवं पेडल दाबलं गेलं, ताबा सुटला. निघण्याआधी इंधन न भरणं हेही कारणांत धरलं. आणि कॉक अवघड जागी बसवणं, खुणा नसणं, नव्या विमानाचा पुरेसा सराव नसणं, यांनी त्यात भर घातली असं म्हटलं. त्याच्या पूर्वीच्या दारूच्या प्रकरणांमुळे वैद्यकीय परवाना रद्द होता, हेही अहवालात आहे. पण त्या दिवशी शरीरात दारूचा अंश नव्हता, हेही तिथेच आहे. लोक पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

मला राहून राहून त्या बांधणाऱ्याचं वाटतं. त्यानं आगीचा विचार केला, आणि तो करून समाधानानं कॉक मागे नेला. एक धोका नजरेसमोर असला की दुसरा त्याच्या आड जातो.

गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं. सगळं नवं, ट्रॉल्या, गुळगुळीत दारं. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात, नजरेआड. मला रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची पन्नास वर्षांची सवय. आता त्यासाठी गुडघ्यावर बसायचं, खालची ट्रॉली बाहेर ओढायची, आणि मान वाकडी करून हात मागे न्यायचा. मी तक्रार केल्यावर काम करणारा मुलगा म्हणाला, "काकू, रोज कशाला बंद करता? वरची बटणं बंद केली की झालं." घरातल्या सगळ्यांना ते पटलं. हे म्हणाले, उगाच गुडघे दुखवून घेऊ नकोस. प्रेमानंच म्हणाले. मी दोन रात्री गुडघ्यावर बसले आणि तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कपाटाचं एक दार काढायला लावलं. आता स्वयंपाकघर मासिकातल्या फोटोसारखं दिसत नाही, सिलिंडर लालभडक दिसतो. दोन नातलग बायकांनी "हे असं का ठेवलंत?" म्हणून विचारलंसुद्धा.

तर मी नातीला काय सांगितलं?

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला म्हटलं, तुझ्या विमानात पेट्रोलचा कॉक कुठे असतो ते सांग. ती आधी हसली. "आजी, तुला कुणी सांगितलं हे?" मग तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. ती सेसना १७२ वर शिकते. त्यात कॉक दोन सीटांच्या मध्ये खाली आहे, हात सोडला की त्याच्यावर. डावी, उजवी आणि 'दोन्ही' अशा खुणा. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे इंधन वजनानंच खाली उतरतं, म्हणून एरवी तो 'दोन्ही'वरच ठेवतात. काही विमानांचे पंख खाली असतात, त्यांत 'दोन्ही' नसतं, ठरावीक वेळानं टाकी बदलत राहावी लागते, त्याला ती घड्याळ लावून ठेवणार म्हणे. काहीही बिघडलं तरी आधी विमान सांभाळायचं, मग दिशा पाहायची, मग रेडिओवर बोलायचं, हा क्रम तिनं मला पाढ्यासारखा म्हणून दाखवला.

"आणि काट्यावर किती भरवसा ठेवतेस?" मी विचारलं.

"काट्यावर? अजिबात नाही. पंखावर चढून टाकीत मापाची दांडी बुडवून बघतो आम्ही. दर वेळी."

मला आमच्या माजघरातला रॉकेलचा डबा आठवला. महिनाअखेरीला आई त्यात काडी बुडवायची, ओल कुठवर आली ते नखानं धरायची, आणि मग ठरायचं की आज दिवा किती वाजेपर्यंत. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सेम."

मग ती म्हणाली, मागच्या आठवड्यात दांडी बुडवली तर काट्यापेक्षा कमी निघालं. इंधनाची गाडी येईपर्यंत थांबावं लागलं, उजेड गेला, त्या दिवशी उडताच आलं नाही. पैसे आणि संध्याकाळ दोन्ही वाया, म्हणून जरा चिडलेली होती. आईला बोलली नव्हती. मी फोन ठेवला आणि लेकीला लावला, आणि एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं." मग विचारलं, भाजी कुठली केलीस.

वन्सं, तुम्ही वाचताय ना? परवा विचारत होतात, वहिनी, बोललात का तिच्याशी. बोलले. ती उडणार आहे. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं लांबचं एकटीचं उड्डाण आहे, आणि मी तिला किती वाजता निघणार आणि किती वाजता उतरणार ते लिहून पाठवायला सांगितलं आहे. आपल्या वेळेप्रमाणे.